हाकेच्या पाट्या

“आमचं माप घेऊन ठेवलेलं दिसतंय!”

चाकाच्या खुर्चीतून मास्तर असं म्हणाले आणि बागेत उभे असलेले सगळे त्यांच्याकडे वळले.

नुकतंच उजाडलं होतं. गवतावर धुकं रेंगाळत होतं आणि त्या धुक्यात रुग्णालयाची लांबलचक इमारत कुठेतरी निघाल्यासारखी, पण अजून न हललेली अशी दिसत होती. बागेच्या मधोमध वहिनी आणि त्यांच्या दिरांनी पुठ्ठ्याची एक भिंत उभी केली होती. वर काळा कागद, मागे काठ्यांचा टेकू. खरी भिंत काळ्या दगडाची व्हायची होती. रुग्णालयात एक वॉर्ड असा होता, की तिथे लांबलेल्या आजाराची माणसं यायची आणि बहुतेक तिथूनच जायची. गेलेल्यांची नावं या बागेत कुठेतरी असावीत, असं रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांच्या मनात आलं होतं. काम वहिनींकडे आलं. दगडाला हात लावण्याआधी सगळं कसं दिसेल ते पाहावं, म्हणून आज ही पुठ्ठ्याची भिंत आणलेली. वरच्या भागात पांढऱ्या रंगात नावांच्या ओळी होत्या. खालच्या भागात, पुढे लागतील म्हणून, नुसत्या आखलेल्या रेघा.

मास्तर त्याच वॉर्डातले. जन्म कपडे शिवण्यात गेलेला. रोज सकाळी वॉर्डातल्या मावशी त्यांची खुर्ची ढकलत बागेत आणायच्या आणि उन्हाच्या बाजूला लावायच्या. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या मोकळ्या रेघा पुन्हा एकदा न्याहाळल्या.

“ह्या खालच्या आमच्याच ना? कापड जरा बेताचं आणलंय. आमच्या वॉर्डात गिऱ्हाईक पुष्कळ आहे.”

मावशींना हसू आलं आणि त्यांनी लगेच तोंडावर हात धरला.

“मास्तर, तसं नाही हो,” मोठ्या डॉक्टर म्हणाल्या.

“अहो बाई, तसंच आहे. मी काही रागावलो नाही. पण रोज इथं येऊन बसायचं आणि समोर आपली जागा झाडून पुसून ठेवलेली बघायची, म्हणजे जरा...” त्यांनी शाल अंगाभोवती ओढून घेतली. “मावशी, मला उन्हात घ्या. थंडी वाजतेय.”

खुर्चीच्या चाकांचे ओले पट्टे गवतावर उमटत गेले. वहिनी पुढे झाल्या, त्यांनी काठ्या काढल्या आणि ती भिंत गवतावर पालथी घातली.

शहरातल्या निम्म्या दारांवरच्या पाट्या वहिनींच्या घरातून गेलेल्या होत्या. चिनीमातीच्या पाट्या, पांढऱ्यावर निळी अक्षरं आणि वरून काचेसारखी झिलई. अक्षरं काढायचे वहिनींचे यजमान. माती मळणं, झिलई चढवणं, भट्टी सांभाळणं वहिनींकडे. आणि धाकट्या दिरांकडे, म्हणजे भाऊजींकडे, गिऱ्हाइकांशी बोलणं आणि लोकांच्या भिंतींना भोकं पाडणं. “दादाचं जे बोलायचं राहून जातं ते सगळं माझ्या वाट्याला आलंय,” असं भाऊजी म्हणायचे. दुकानात त्यांच्या तोंडी सारखं ‘वहिनी, वहिनी’ असायचं, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणू लागली. वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा.

यजमान त्याच वॉर्डात गेले होते, मागच्याच्या मागच्या थंडीत. शेवटच्या दिवसांत त्यांनाही बागेत आणून बसवायचे. वहिनी शेजारी बाकावर बसून संत्र्याच्या फोडी सोलून द्यायच्या, ते एकेक फोड हातात धरून बराच वेळ त्या फोडीकडे बघत राहायचे. ते गेल्यावर अक्षरंही वहिनींकडे आली. पहिल्या काही पाट्या म्हणजे त्यांच्या अक्षराची नक्कलच होती. मग हात हळूहळू आपलं वळण घेऊ लागला, आणि त्याचं वहिनींना थोडं वाईट वाटलं.

त्या दिवशी दुपारी भट्टी पेटलेली होती. भट्टी चालू असताना तिच्यासमोरून हलायचं नसतं. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या, भट्टीच्या झरोक्यातून आतला नारिंगी उजेड दिसत होता, आणि त्या उबेत त्यांचा डोळा लागला.

त्यांना एक माळ दिसला. गुडघाभर गवत, वारा नाही. गवतात दारं उभी होती. भिंती नाहीत, छपरं नाहीत, नुसती दारं. काही उघडी, काही लोटलेली, काही किलकिली. प्रत्येकावर त्यांच्याच भट्टीतली पाटी. वहिनी त्या दारांमधून चालत राहिल्या. एका दाराआड कोणीतरी भांडी विसळत होतं. एकाआड कुणी गुणगुणत होतं, सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. एका दारातून तळणीचा वास आला. कोणाचं दार आधी, कोणाचं नंतर, असं काही नव्हतं. वहिनींना वाटलं, आपण फार दिवसांनी पायी कुठेतरी आलो आहोत आणि आता घाई नाही.

“वहिनी! अहो, भट्टी!”

भाऊजी समोर उभे होते. वहिनींनी आधी आच पाहिली, झडप थोडी लोटली आणि मग म्हणाल्या, “भाऊजी, भिंत नको.”

“मग पाट्या काय हवेत लावू?”

“हवेतच लावा.”

भाऊजींनी वळून आपल्या बायकोकडे पाहिलं. जाऊबाई दाराशी धान्य निवडत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “आधी त्यांना चहा द्या.”

पण वहिनी झोपेत बोलत नव्हत्या. तळहाताएवढी एकेक पाटी. एकेकीला लोखंडाची बारीक सळई, गवताच्या पात्यासारखी किंचित वाकलेली. नेच्यांमध्ये, उंच गवतात, जाईच्या वेलाखाली, जिथे जमेल तिथे रोवलेली. नवीन पाटी आली की झाडांमध्येच कुठेतरी लावायची. रिकामी जागा कुठे दिसायलाच नको, कारण झाडांमधली जागा रिकामी नसतेच.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. त्या उगाच मान हलवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी वहिनींना बागेत नेलं आणि एक पाटी नेच्यांमध्ये धरायला सांगितली. मग स्वतः एका रिकाम्या चाकाच्या खुर्चीत बसून पाहिलं.

“खाली घ्या. अजून खाली. हां. खुर्चीत बसलेल्याला सरळ दिसली पाहिजे. उभे असतील ते वाकतील.” मग म्हणाल्या, “आणि क्रम?”

“क्रम नाही.”

“मग आपलं माणूस सापडायचं कसं लोकांना?”

“शोधावं लागेल,” वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर खुर्चीतच बसून राहिल्या. हाताने चाकं थोडी पुढे, थोडी मागे करत होत्या. “शोधताना दुसऱ्यांचीही नावं वाचली जातील,” त्या जणू स्वतःशीच बोलल्या. “माझ्याकडून ती कधीच वाचून होत नाहीत. पुढचा पेशंट आलेला असतो.” आणि उठताना म्हणाल्या, “करा. भिंत नको.”

नावं सांगायला माणसं दुकानात येऊ लागली. पहिले आले ते एक म्हातारे गृहस्थ, इस्त्रीचा सदरा, हातात चौकोनी घडी घातलेला कागद. कागदावर बायकोचं पूर्ण नाव सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. वहिनींनी ते मोठ्याने वाचलं. गृहस्थांनी कागद आपल्याकडे ओढून पुन्हा पाहिला.

“बरोबर आहे ना?” वहिनींनी विचारलं.

“आहे. म्हणजे नाव तिचंच आहे.” ते चुळबुळले. “पण असं कुणी वाचलं ना, की कुणा भलत्याच बाईचं वाटतं. हजेरी घेतल्यासारखं.”

“तुम्ही काय म्हणायचात?”

म्हातारे गृहस्थ लाजले. या वयात माणूस इतकं लाजू शकतो हे भाऊजींना माहीत नव्हतं. त्यांनी हातातली भोकं पाडायची मशीन खाली ठेवली.

“मी आपलं... अगं.”

“आणि त्या आत असल्या तर? स्वयंपाकघरात? हाक कशी मारायचात?”

दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा होता आणि पडद्याआड घर. गृहस्थांनी पडद्याकडे पाहिलं. मान जरा वर केली, आणि त्यांच्या बारीक अंगातून एक भरदार, थोडी चिडकी, अगदी घरातली हाक निघाली.

“अगंऽऽ!”

“ओऽऽ! आले आले!” पडद्याआडून जाऊबाईंनी ओ दिली.

जाऊबाई हात पुसत पडदा सारून बाहेर आल्या आणि परक्या माणसाला बघून थबकल्या. गृहस्थ स्टुलावर बसले होते. ते हसत होते, आणि हसता हसता रुमाल शोधत होते.

“असंच,” ते म्हणाले. “अगदी असंच. आणि यायची मात्र नाही लवकर.”

त्यांच्या पाटीवर ‘अगं’ असं लिहिलं गेलं. दोनच अक्षरं, आणि वर तो अनुस्वार, निळा. मोठ्या डॉक्टरांना ती पाटी पटली, पण त्यांनी एक अट घातली. प्रत्येक पाटीच्या मागच्या बाजूला पूर्ण नाव बारीक अक्षरांत हवं. “पुढची बाजू घराची,” त्या म्हणाल्या, “मागची आमची.”

तेव्हापासून वहिनी प्रत्येकाला तेच विचारू लागल्या. आतल्या खोलीतून हाक मारल्यासारखं म्हणा. आणि दुकान हाकांनी भरून गेलं. काही हाका लांब होत्या, मग पाटी आडवी करावी लागायची. काही इतक्या हळू, की वहिनी अक्षरं बारीक काढायच्या. शेजारच्या चपलांच्या दुकानातला माणूस सुरुवातीला दर हाकेला बाहेर डोकवायचा, मग त्याला सवय झाली. एक बाई सासूसाठी आली होती. तिला हे विचारल्यावर तिने कपाळावर हात मारला.

“मी कुठली हाक मारते! त्याच मारायच्या, दिवसातून शंभरदा. ‘सूनबाई, पाणी. सूनबाई, खिडकी.’ खरं तर पाटीवर माझंच नाव लिहा!” आणि मग हसू ओसरल्यावर म्हणाली, “आता घरात कुणी हाकच मारत नाही हो मला.” तिच्या पाटीवर ‘सूनबाई’ असंच आलं, मागे सासूचं पूर्ण नाव. भाऊजी म्हणाले, “वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.” ती म्हणाली, “माझा नाही होणार.”

एक आई तरुण मुलासाठी आली. तिला फार समजावून सांगावं लागलं नाही. ती पडद्याकडे वळली आणि म्हणाली, “अरे ऊठ की रे आता! किती वाजले!” मग तिने वहिनींकडे पाहिलं. “रोज सकाळी हेच. नावाने कुठली हाक मारते.” वहिनींनी ब्रश हातात घेतला होता, तो तसाच धरून ठेवला. बाई पुन्हा पडद्याकडे वळली. “नको,” ती म्हणाली. “झोपू दे त्याला. सोन्या लिहा. लहानपणी म्हणायचे.”

त्या दिवशी वहिनींनी दुसरी पाटी केली नाही.

घरात सगळ्यांच्या मनात एक गोष्ट होती, ती शेवटी भाऊजींनी बोलून दाखवली. जेवण झालं होतं, जाऊबाई ताटं उचलत होत्या.

“वहिनी, दादाची पाटी?”

“करू की.”

“तुम्ही महिनाभर ‘करू की’ म्हणताय. खरं तर पहिली त्याची व्हायला पाहिजे होती. आणि ‘दादा’ लिहा. मोठं लिहा.”

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात होती. “आई, बाबांची पाटी झाली का? ‘बाबा’ लिहिलंस ना?”

एका माणसाला एकच पाटी, असं ठरलेलं होतं. वहिनींनी एक पाटी घेतली आणि उलटी करून मागच्या बाजूला यजमानांचं पूर्ण नाव लिहिलं. ते लिहिताना हात थांबला नाही. दुकानाच्या दारावर ते नाव रोज दिसत होतं. मग पाटी सुलटी केली आणि तिच्याकडे बघत बसल्या.

“तुमची हाक आणखी कोणती असणार,” जाऊबाई म्हणाल्या. “त्या गृहस्थांची ‘अगं’, तशी तुमची ‘अहो’. लिहा की.”

वहिनींनी ‘अहो’ लिहिलं. अक्षर चांगलं आलं. पाटी वाळत टेबलावर ठेवली आणि त्या माती भिजवायला आत गेल्या. तेवढ्यात पोस्टमन आला, टेबलाशी उभा राहिला, त्याने ते वाचलं आणि आत डोकावून विचारलं, “मला म्हणालात?”

भाऊजी इतके हसले, की त्यांना ठसका लागला. वहिनीही हसल्या. मग ओल्या फडक्याने त्यांनी ते अक्षर पुसून टाकलं. “बघा ना,” त्या म्हणाल्या, “कुणीही ओ देईल.”

“मग काय लिहायचं?”

“तेच समजत नाही. मला नाही जमत, भाऊजी.”

कोरी पाटी तशीच लावावी असंही एकदा त्यांच्या मनात आलं. नुसती झिलई, स्वच्छ. पण बागेत रोज येऊन बसणारी माणसं होती. कोरी पाटी बघून कुणीतरी विचारणारच, ही कोणासाठी ठेवलीय. त्यांनी तो विचार सोडून दिला.

याच दिवसांत मास्तर गेले. सकाळी मावशींनी खुर्ची पलंगाशी नेली, तेव्हा ते उठले नाहीत. त्यांची बायको दुकानात आली ती कुणी न सांगताच पडद्याकडे तोंड करून उभी राहिली, कारण वॉर्डात आता सगळ्यांना हे ठाऊक झालं होतं. “मास्तर, जेवायला चला, मशीन पळून नाही जात!” ती एका दमात म्हणाली आणि वळून, “ ‘मास्तर’ एवढंच लिहा,” म्हणाली. भाऊजींनी ती पाटी उन्हाच्या बाजूला, दोन नेच्यांच्या मध्ये रोवली. रुग्णालयाच्या माळीकाकांनी सळईभोवती माती दाबली, वहिनींनी पाटी पुसली. लावून झाल्यावर तिघंही मागे सरकून बघत उभे राहिले. ती पाटी तिथे नव्हती तेव्हा तिथे काय होतं, हे कुणालाच आठवेना. पाटी सगळ्या पाट्यांमध्ये मिसळून गेली होती.

“जागा दिसत नाही कुठं मोकळी,” माळीकाका म्हणाले.

“नाही ना?” वहिनींनी विचारलं.

“नाही.”

बाग लोकांना उघडण्याच्या आदल्या दिवशी लेक आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी ती दुकानात शिरली. रिकामं टेबल, वडिलांची खुर्ची, भिंतीला टेकलेल्या पाट्या, सगळ्यावरून तिची नजर फिरली. आणि लहानपणी शाळेतून आल्यावर जशी ओरडायची, तशी ती कुणी न विचारता ओरडली, “बाबाऽऽ, आले मीऽऽ!”

तिचं तिलाच कळलं नाही. पाय आत पडले आणि तोंडातून ते निघून गेलं. मग ती तिथेच उभी राहून रडायला लागली. जाऊबाईंनी तिला जवळ घेतलं.

भाऊजी पायरीवर बसून सळईला रंग देत होते. त्यांनी ब्रश डब्यात ठेवला, हात पँटला पुसले.

“वहिनी,” ते शेवटी म्हणाले, “बाबा लिहा.”

“आणि तुमचं?”

“मी तिथं जाऊन दादाच वाचीन. मला कोण अडवतंय?”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाने जन्मभर मोठ्या भावाची अक्षरं लोकांच्या दारांना नेऊन लावली होती आणि एकदाही पाटी तिरकी लावली नव्हती. त्या म्हणाल्या, “सळईला दुसरा हात द्या. पावसात गंजेल.”

त्यांनी ‘बाबा’ लिहिलं. त्यांच्या स्वतःच्या वळणात लिहिलं, यजमानांच्या नाही. रात्रीतून भट्टी निवली आणि सकाळी पाटी गरम असतानाच फडक्यात गुंडाळून बागेत नेली.

भाषणं नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी तसं आधीच सांगून टाकलं होतं. माणसं आली आणि नेच्यांमधल्या पायवाटेवर पांगली. कुणी वाकत होतं, कुणी गुडघ्यांवर बसत होतं, कुणी चाकाच्या खुर्चीतून हात पुढे करून गवत बाजूला सारत होतं. धुकं नुकतंच विरलं होतं आणि झिलईवर पाण्याचे थेंब होते, त्यामुळे पाट्या नुकत्या जाग्या झाल्यासारख्या दिसत होत्या. शोधताना माणसं ओठांत वाचत होती. आई. सोन्या. सूनबाई. तात्या. आई. आई. अशा किती तरी आया होत्या आणि प्रत्येक जण एकीपाशी क्षणभर थांबून, ही नव्हे, असं म्हणून पुढे जात होता, पण पुढे जाताना पाटीला हात लावून जात होता. इस्त्रीच्या सदऱ्यातले गृहस्थ आपल्या पाटीसमोर बाकावर बसले होते. त्यांनी घरून उशी आणली होती.

लेकीला तिची पाटी जाईच्या वेलाखाली सापडली. भाऊजी तिच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी ती मोठ्याने वाचली. “दादा,” ते म्हणाले. लेक रडता रडता हसली आणि तिने काकांचा हात धरला.

मग आत चहा आहे असं मावशी सांगत आल्या आणि माणसं हळूहळू इमारतीकडे निघाली. बोलणी दूर गेली. बागेत फक्त वहिनी राहिल्या. पाट्या रोवताना काहींवर मातीचे शिंतोडे उडाले होते, ते काढायला त्यांनी पाण्याची वाटी आणि एक ब्रश आणला होता. एकेक पाटी पुसत त्या जाईच्या वेलाशी आल्या. ‘बाबा’ या अक्षरांवर माती नव्हती, तरी त्यांनी ती पुसली.

अक्षर काढताना यजमान श्वास धरून ठेवायचे. अशा वेळी कुणी हाक मारली की हात हलायचा आणि सगळी पाटी वाया जायची. भाऊजी हाका मारायचे, लेक मारायची, आणि ते न रागावता नवी पाटी घ्यायचे. वहिनींनी मात्र त्यांना कधी हाक मारली नाही. भट्टी तापली, जेवण वाढलंय, लेक झोपेतून उठली, बाहेर पाऊस लागलाय, काहीही सांगायचं असलं की त्या टेबलाच्या पलीकडून ब्रशाच्या दांड्याने रंगाच्या वाटीवर दोनदा टिचकी मारायच्या आणि थांबायच्या. ते हातातली रेघ पुरी करायचे आणि मगच मान वर करायचे.

वहिनींनी इकडे तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी वाटी पाटीजवळ धरली आणि ब्रशाच्या दांड्याने तिच्या कडेवर दोनदा टिचकी मारली.

मग एक वेलांटी पुरी व्हायला लागतो तेवढा वेळ त्या थांबल्या.

नंतर ब्रश पाण्यात बुडवून झटकला आणि पुढच्या पाटीकडे वळल्या. तिच्यावर बरीच माती होती.